वीस बाइटांची चिठ्ठी

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात एका सहकारी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावरचा संगणक बदलला. जुना ३२ बिटांचा होता, नवा ६४ बिटांचा. काट्याचा प्रोग्राम आमचा, म्हणजे पुण्यात एरंडवण्यातल्या ज्या छोट्या कंपनीत मी काम करते तिचा. नव्या मशिनवर मी तो कंपाइल केला, म्हणजे मूळ कोडवरून मशिनला चालवता येईल असा बनवला. एकही चूक आली नाही. मग गेल्या हंगामाची फाइल उघडली आणि पहिलीच चिठ्ठी पाहून पोटात गोळा आला. चिठ्ठीचा क्रमांक बरोबर होता, पण वजनाच्या जागी एकोणीस आकडी संख्या. गाडीच्या नंबरातले शेवटचे दोनच आकडे दिसत होते, त्यापुढे नुसता कचरा. दुसऱ्या चिठ्ठीचा तर क्रमांकही धड नव्हता.

ज्यांनी सी भाषेत काम केलंय त्यांना हे वाचूनच कारण कळलं असेल. बाकीच्यांसाठी थोडं मागं जाते.

हा प्रोग्राम पहिल्यांदा लिहिला गेला तो डॉस या जुन्या प्रणालीवर, टर्बो सी या कंपायलरमध्ये. तिथे इंट हा साधा पूर्णांकाचा प्रकार दोन बाइटांचा, म्हणजे त्यात जास्तीत जास्त ३२,७६७ मावतात. उसानं भरलेला मोठा ट्रक काट्यावर चढला की किलोतलं वजन या आकड्याच्या पलीकडे जाऊ शकतं. म्हणून वजनासाठी चार बाइटांचा मोठा पूर्णांक, लाँग, वापरला. अगदी योग्य निर्णय. पुढे प्रोग्राम ३२ बिटांच्या लिनक्सवर आला. तिथे इंटही चार बाइटांचा झाला आणि लाँगही चारच राहिला, त्यामुळे वजनाला हात लावायची वेळ कुणावर आली नाही. ६४ बिटांच्या लिनक्सवर मात्र इंट चारच राहतो आणि लाँग आठ बाइटांचा होतो. (६४ बिटांच्या विंडोजवर लाँग अजूनही चार बाइटांचाच आहे. तिथे नेलं असतं तर हा प्रश्न कदाचित समोरच आला नसता.)

चिठ्ठीच्या नोंदीत चार गोष्टी आहेत: क्रमांक हा इंट, वजन हा लाँग, गटाचा क्रमांक हा शॉर्ट, आणि गाडीच्या नंबरासाठी दहा अक्षरं. डॉसवर हे २ + ४ + २ + १० असे १८ बाइट. जुन्या लिनक्सवर ४ + ४ + २ + १०, म्हणजे २०. नव्यावर लाँग आठच्या पटीत असलेल्या जागेवर बसतो, म्हणून क्रमांकानंतर चार बाइट रिकामे सोडले जातात, मग वजनाचे आठ, मग दोन, मग दहा, आणि एकूण लांबी आठच्या पटीत आणायला शेवटी आणखी चार रिकामे. एकूण ३२. फाइलमध्ये वीस-वीस बाइटांच्या नोंदी ओळीनं बसलेल्या, आणि वाचणारा बत्तीस-बत्तीसचे घास घेतोय.

मग लाँग शोधून सगळीकडे चार बाइटांचा प्रकार टाकायचा, झालं, असं आमच्या सरांनाही आधी वाटलं. तसं करता येत नाही. फाइलमधली जागा सांगणारी प्रमाण फंक्शनं लाँगच परत देतात, मजकुराचा आकडा करणारंही लाँगच देतं, आणि हंगामाच्या एकूण वजनाच्या बेरजा काही ठिकाणी लाँगमध्ये होत्या. तिथे तो आठ बाइटांचा झाला तर उलट बरंच. बदलायचे होते ते फक्त फाइलवर जाणारे प्रकार. आणि लाँग हा शब्द त्या प्रकारांच्या आत उघडा दिसत नव्हता. वजन नावाचा प्रकार लाँगवरून बनवलेला, निव्वळवजन हा वजनवरून, आणि चिठ्ठीमध्ये निव्वळवजन. दोन पडद्यांआड लाँग. तेव्हा आधी हवी होती या कोडमधल्या सगळ्या प्रकारांच्या व्याख्यांची यादी. फाइली ३१२.

एडिटरमध्ये एखाद्या नावावर क्लिक करून त्याच्या व्याख्येवर उडी मारता येते. पण ती सोय 'हा प्रकार कुठे आहे' याचं उत्तर देते. माझा प्रश्न होता 'कोणकोणते प्रकार आहेत'. म्हणून पॅटर्नशी जुळणाऱ्या ओळी शोधून देणारं ग्रेप उघडलं.

पहिला पॅटर्न सरळ होता. टोपीचं चिन्ह ^ म्हणजे ओळीची सुरुवात, आणि त्याला लागून टाइपडेफ हा, प्रकाराला नाव देणारा, सीचा शब्द. १४३ ओळी आल्या. लगेच लक्षात आलं की काही व्याख्या आत सरकवून लिहिलेल्या असणार, म्हणून टोपी आणि शब्द यांच्या मध्ये 'कितीही मोकळ्या जागा, शून्यसुद्धा चालतील' असं घातलं. १७१. एका छोट्या बदलानं अठ्ठावीस प्रकार वाढले, तेव्हाच मनात भीती बसली. आणखी किती असे असतील जे माझ्या पॅटर्नला दिसत नाहीत? पुढचे दोन आठवडे ती भीतीच मला चालवत होती, आणि ती होती हे चांगलं झालं.

या १७१ ओळींतून प्रकाराचं नाव काढायचं तर आणखी पंचाईत. सीमध्ये व्याख्येची रचना वापराच्या रचनेसारखी असते, त्यामुळे नाव प्रत्येक वेळी वेगळ्या जागी बसतं. साध्या प्रकारात ते अर्धविरामाच्या लगेच आधी. अॅरेचा प्रकार असेल तर नावानंतर चौकटी कंस आणि मग अर्धविराम. फंक्शनच्या पॉइंटरचा असेल तर नाव मधोमध, गोल कंसात, फुलीच्या (*) उजवीकडे. आणि एकाच ओळीत स्वल्पविराम देऊन दोन नावं: गाडी हा प्रकार, आणि त्याचाच पॉइंटर हा दुसरा. त्यातही व्याकरणाच्या दृष्टीनं टाइपडेफ हा शब्द स्टॅटिक किंवा एक्स्टर्नच्या जातीचा आहे, त्यामुळे तो ओळीत लाँगच्या नंतर आला तरी कंपायलरला चालतं. असं कुणी लिहीत नाही, पण मी शोधून पाहिलं. एकही सापडलं नाही. तो शून्य पाहून किती बरं वाटलं!

खरा अडथळा स्ट्रक्चरचा, म्हणजे अनेक घटक एकत्र बांधणाऱ्या प्रकाराचा. टाइपडेफ स्ट्रक्ट ही सुरुवात एका ओळीवर, मग महिरपी कंस, मग पंधरा-वीस ओळी घटक, मग बंद कंस आणि त्यानंतर नाव. ग्रेपला एका वेळी एकच ओळ दिसते. हा त्याचा जन्मापासूनचा स्वभाव आहे. युनिक्सच्या एड नावाच्या ओळवार संपादकात 'पूर्ण फाइलभर हा पॅटर्न शोध आणि ती ओळ छाप' अशी आज्ञा होती, तिच्याच आद्याक्षरांवरून ग्रेप हे नाव पडलं आणि १९७३ मध्ये केन थॉम्प्सन यांनी ते वेगळं साधन म्हणून बाहेर आणलं. ज्या नळ्यांना, म्हणजे एकाचं उत्तर दुसऱ्याच्या तोंडी देणाऱ्या युनिक्सच्या साखळीला, आपण सगळे सरावलो आहोत, तिच्यात ओळ हेच माप आहे.

मी उलट बाजूनं शोधलं. ओळीच्या अगदी सुरुवातीला बंद महिरपी कंस, मग नाव, मग अर्धविराम, मग ओळीचा शेवट. हा पॅटर्न चालतो कारण लिहिणाऱ्यानं शिस्तीनं बंद कंस पहिल्या रकान्यात ठेवलाय. भाषेचा तसा काही नियम नाही, ही हाताची सवय आहे. पण तो पॅटर्न नुसत्या व्हेरिएबललाही, म्हणजे चलालाही, पकडतो. सुरुवातीला टाइपडेफ नसेल तर बंद कंसानंतरचं नाव हे प्रकाराचं नसून चलाचं असतं. म्हणजे वीस ओळी वर जाऊन पाहणं आलंच.

मग ग्रेप बाजूला ठेवलं आणि पर्ल या भाषेतून अख्खी फाइल एका घासात वाचून तिच्यावर पॅटर्न चालवला. इथे एक जुनी मर्यादा आडवी येते. स्टीफन क्लीनी यांनी १९५० च्या दशकात ज्या नियमित रचनांचं गणित मांडलं आणि थॉम्प्सन यांनी १९६८ मध्ये ज्यांच्यावरून शोधयंत्र कसं बांधायचं ते लिहिलं, त्या मूळ रेगेक्सना, म्हणजे अशा पॅटर्नना, कंस मोजता येत नाहीत. उघडलेला प्रत्येक कंस बंद झाला का, हे कळायला किती उघडे आहेत ते लक्षात ठेवावं लागतं, आणि त्या यंत्राकडे ठरावीकच अवस्था असतात. पर्लच्या जातीच्या पॅटर्नमध्ये पॅटर्ननं स्वतःलाच पुन्हा बोलावण्याची सोय आहे, त्यानं हे जमतं. मी ती वापरली नाही. आमच्या कोडमध्ये स्ट्रक्चरच्या आत युनियन इतकीच खोली होती, म्हणून एक पातळी हातानं लिहिली:

\{[^{}]*(\{[^{}]*\}[^{}]*)*\}

उघडा कंस, मग कंस नसलेलं काहीही, मग हवी तितकी वेळा आतला पूर्ण कंस आणि त्यानंतरचा मजकूर, शेवटी बंद कंस. हा पॅटर्न चार महिन्यांनी दुसऱ्या कुणी वाचला तरी कळेल. स्वतःला बोलावणारा कळला नसता, मलाही. दोन्हींतून निवडायचं असेल तर मी वाचता येणारा निवडते.

पण कॉमेंटमधले, म्हणजे कंपायलर वगळतो त्या टिपांमधले, कंसही त्यात मोजले जात होते. म्हणून आधी कॉमेंट काढून टाकायच्या ठरवल्या. पहिल्या प्रयत्नात मधला भाग 'काहीही, कितीही' असा लिहिला, तर पहिल्या कॉमेंटच्या सुरुवातीपासून शेवटच्या कॉमेंटच्या शेवटापर्यंत सगळी फाइल गिळली गेली, कारण तो पॅटर्न जितकं मिळेल तितकं घेतो. मग नेहमीचा, काळजीपूर्वक बांधलेला वापरला:

/\*[^*]*\*+([^/*][^*]*\*+)*/

हा बरोबर आहे. तरीही एका फाइलमधून ऐंशी ओळी गायब झाल्या, आणि त्यांत वाहतूकदाराच्या नोंदीची व्याख्या होती. ती गेल्याचं मला तीन दिवस कळलं नाही. कळलं तेव्हा रात्रीचे साडेआठ झाले होते. आमचं ऑफिस म्हात्रे पुलाजवळ आहे आणि गणपतीच्या आधी नदीकडून ढोल-ताशा पथकांच्या सरावाचा आवाज येत असतो. त्या ठेक्यावर मी एक-एक ओळ खाली सरकत होते. सापडलं ते असं: एका ठिकाणी डेटाच्या फोल्डरातल्या सगळ्या फाइलींसाठी मार्ग लिहिला होता, अवतरणचिन्हांत, आणि त्यात तिरक्या रेघेनंतर लगेच फुली होती. माझ्या पॅटर्नला तीच कॉमेंटची सुरुवात वाटली. तिथून पुढे खरी कॉमेंट जिथे संपते तिथपर्यंत सगळं साफ.

उपाय असा की अवतरणातला मजकूरही त्याच पॅटर्नमध्ये घ्यायचा, कॉमेंटच्या शेजारी पर्याय म्हणून:

"(\\.|[^"\\])*"

हा भाग जुळला की तो जसाच्या तसा ठेवायचा, कॉमेंटचा जुळला तर तिच्या जागी एक मोकळी जागा ठेवायची. अवतरण आधी सुरू झालं तर ते पूर्ण होईपर्यंत आतली तिरकी रेघ-फुली कुणाला दिसत नाही. एकेरी अवतरणातल्या अक्षरांसाठीही असाच तिसरा पर्याय लागतो, कारण तिथे एकटं दुहेरी अवतरणचिन्ह अक्षर म्हणून येऊ शकतं. कॉमेंट काढायची असेल तर जे कॉमेंट नाही तेही ओळखावं लागतं. एवढं कळायला तीन दिवस गेले, पण वाहतूकदार परत आला.

दोन गोष्टी मी लवकर पकडल्या, त्यांचं थोडक्यात सांगते. डॉसवरच्या फाइलींत ओळीच्या शेवटी एक जादा न दिसणारं चिन्ह असतं, कॅरेज रिटर्न. 'अर्धविराम आणि लगेच ओळीचा शेवट' असा पॅटर्न अशा फाइलींत काही म्हणजे काही जुळत नाही, आणि ग्रेप तक्रारही करत नाही, नुसतं गप्प राहतं. दुसरी गोष्ट, सहा फाइलींत युनिकोडच्या आधीच्या काळातल्या मराठी कॉमेंट होत्या. ते बाइट आजच्या युटीएफ-८ मध्ये वैध नाहीत, म्हणून ग्रेप त्या फाइलींना मजकूर मानत नव्हतं. ओळी दाखवण्याऐवजी 'बायनरी फाइलमध्ये जुळणी आहे' एवढंच. मी उत्तरं पुढे मोजायला पाठवत होते, त्यामुळे सहा फाइलींतले वीस प्रकार सहा ओळी म्हणून मोजले गेले होते. 'मजकूरच समज' असा पर्याय दिला आणि १७१ चे १८५ झाले.

आता आमच्याकडच्या कोडची खास अडचण. ही मला कुठल्याच पुस्तकात सापडली नसती. प्रकारांची नावं मराठी आहेत, रोमन लिपीत लिहिलेली. वजन कुणी डब्ल्यूनं सुरू केलंय, कुणी व्हीनं. चिठ्ठीत कुणी टी दोनदा लिहिलाय, कुणी एकदाच, कुणी मध्ये एच घातलाय, कुणी नाही, शेवटी कुणी एक आय तर कुणी दोन ई. गाडीचा डी कुठे एचसकट आहे. आणि ही वेगवेगळी नावं एकाच प्रकाराची नाहीत, वेगळे प्रकार आहेत! डब्ल्यूवालं वजन लाँग आहे, व्हीवालं वजन हे दशांश चिन्हाचं, प्रयोगशाळेच्या नमुन्यासाठी. मी आधी सगळं एकात घ्यायला 'डब्ल्यू किंवा व्ही' असा चौकटी कंस लिहिला होता, आणि दोन्ही गोष्टी एकत्र मोजून बसले होते. मराठी माणूस बोलताना जो फरक करत नाही, तो स्पेलिंगमध्ये इथे अर्थाचा फरक झाला होता. पुढे दोन याद्या केल्या: शोधायला सैल पॅटर्न, मोजायला घट्ट.

या सगळ्यात एक लक्षात येत गेलं. मी सी भाषेचे प्रकार शोधत नव्हते, मी माणसांचं अक्षर ओळखत होते. बंद कंस पहिल्या रकान्यात ठेवणारा एक हात. नावाच्या शेवटी अधोरेषा आणि टी लावणारा दुसरा. सगळं मोठ्या लिपीत लिहिणारा तिसरा. प्रत्येकासाठी पॅटर्न वेगळा. मग ज्यांचं अक्षर आहे त्यांनाच का विचारू नये?

मूळ प्रोग्राम लिहिणारे काका आता निवृत्त आहेत, सदाशिव पेठेत राहतात. सरांनी फोन करून दिला. शनिवारी सकाळी म्हात्रे पूल ओलांडून गेले. काकूंनी चहा ठेवला. मी लॅपटॉप उघडून यादी दाखवली, तर काकांनी ती वरपासून खालपर्यंत शांतपणे वाचली.

"हे टाइपडेफवाले म्हणजे नंतरचे," ते म्हणाले. "सुरुवातीला मी डिफाइन वापरायचो. ते बघितलंस का?"

नव्हतं बघितलं. त्यांनी वजन या नावाऐवजी प्रीप्रोसेसरनं थेट लाँग टाकावा अशी व्यवस्था केली होती, आणि तशी एकूण अकरा नावं होती. ते भाषेच्या दृष्टीनं प्रकारच नाहीत. कंपायलरपर्यंत पोचेपर्यंत नाव उरतच नाही. माझा टाइपडेफचा पॅटर्न कितीही सुधारला असता तरी ते त्यात आले नसते.

"काका, अजून काही सवय होती का तुमची?"

"माझ्यानंतर जो मुलगा आला ना, त्यानं तक्त्यांसाठी एक मॅक्रो केला. एक ओळ लिहिली की पूर्ण स्ट्रक्चर तयार. हुशार होता तो. पण अगं, तू व्याख्या का शोधतेस? तुझं दुखणं फाइलमध्ये आहे ना? मग फाइलवर जिथे लिहितो ती ओळ शोध. तिथे लांबी सांगणारं साइझऑफ असतं, त्याच्या कंसात नाव असतं. तेवढेच प्रकार तुला हवेत."

मी दोन आठवडे ज्या बाजूनं चढत होते, त्याच्या पलीकडून सरळ वाट होती. रागही आला नाही, इतकं ते बरोबर होतं.

मग ते उठून आतून एक लांबट वही घेऊन आले. हिशेबाची असते तशी, लाल कापडी पाठीची. त्यात प्रत्येक फाइलचं नाव, आणि पुढे एका नोंदीची लांबी बाइटांत. चिठ्ठीपुढे १८, ते खोडून २०. "कंपायलर बदलला की पहिल्यांदा लांबी मोजायची, ही माझी पद्धत," ते म्हणाले. वही त्यांनी मला घरी न्यायला दिली आणि परत आणून दे असं बजावलं.

सोमवारी वाचणाऱ्या आणि लिहिणाऱ्या फंक्शनांच्या ओळी शोधल्या. हा पॅटर्न साधा होता: फंक्शनचं नाव, मग गोल कंसाचा शेवट येईपर्यंत काहीही, त्यात साइझऑफ आणि त्याच्या कंसातला शब्द. काही ठिकाणी प्रकाराऐवजी चलाचं नाव होतं, तिथे चल कुठे जाहीर केलाय ते पाहावं लागलं. यातही सीची एक जुनी गुंतागुंत आहे. नाव, फुली, नाव अशी ओळ दिसली तर तो गुणाकार आहे की पॉइंटरची घोषणा, हे पहिलं नाव प्रकार आहे की चल यावर ठरतं, आणि ते ओळीत लिहिलेलं नसतं. कंपायलरलाही वाचता वाचता प्रकारांची नावं लक्षात ठेवावी लागतात. माझ्याकडे १८५ नावांची यादी तयार होती, ती इथे कामाला आली. व्याख्या शोधण्यातली मेहनत वाया गेली नाही, याचं समाधान फार मोठं होतं. फाइलवर जाणारे प्रकार निघाले तेवीस.

तेवीसच का? पंचवीस नाहीत कशावरून? इथे मी रेगेक्सवर थांबायचं नाही असं ठरवलं. सीटॅग्ज चालवून पाहिलं. ते भाषा ओळखून नावांची सूची करतं आणि माझ्यापेक्षा पुष्कळ नीट करतं, पण तेही मॅक्रो न उलगडता अंदाज बांधत पुढे जातं, त्यामुळे त्या हुशार मुलाचे तक्ते त्यालाही दिसले नाहीत. शेवटी कंपायलरकडूनच लिहून घेतलं. सगळा प्रोग्राम डीबगच्या माहितीसकट दोनदा कंपाइल केला, एकदा ३२ बिटांसाठी, एकदा ६४ साठी, आणि दोन्हींवर पहोल चालवलं. हे साधन प्रत्येक स्ट्रक्चरचा घटक कुठल्या बाइटावर बसलाय आणि मध्ये किती रिकामी भोकं राहिली आहेत ते छापतं. दोन याद्या शेजारी ठेवून फरक काढला.

कंपायलरच्या यादीत असे चार प्रकार होते जे माझ्याकडे नव्हते. चारही मॅक्रोतून जन्मलेले, आणि त्यांतले दोन फाइलवर जाणारे. म्हणजे पंचवीसच. लिहिणारी ओळही मॅक्रोच्या आतच होती, म्हणून काकांच्या वाटेनंही ते मला दिसले नव्हते. पण उलटही होतं: माझ्या यादीतले एकोणीस प्रकार कंपायलरकडे नव्हते. काही कुठेच वापरलेले नव्हते, आणि जीसीसी हा कंपायलर न वापरलेल्या प्रकारांची माहिती सहसा लिहीतच नाही. काही मात्र अशा भागात होते जो फक्त बैलगाडीच्या काट्याची निवड केली तरच कंपाइल होतो. या कारखान्यात तो काटा बंद आहे, पण आमच्या दुसऱ्या एका कारखान्यात चालू आहे. नुसत्या कंपायलरवर विसंबले असते तर पुढच्या वर्षी तिथे हाच कचरा छापला गेला असता. ते प्रकार मला रेगेक्सनं दाखवले, कारण त्याला कुठला भाग चालू आणि कुठला बंद हे माहीतच नसतं. सगळं अक्षर त्याला सारखंच.

दुरुस्ती दोन दिवसांत झाली. फाइलवर जाणाऱ्या प्रत्येक प्रकारात लाँगच्या जागी नेमक्या ३२ बिटांचा पूर्णांक घातला. सी भाषेच्या १९९९ च्या मानकापासून असे नेमक्या रुंदीचे प्रकार मिळतात. तारखा सेकंदांत साठवल्या होत्या, त्याही चार बाइटांतच ठेवाव्या लागल्या, नाहीतर जुन्या फाइली वाचता येणार नाहीत. तो आकडा १९ जानेवारी २०३८ ला भरतो. हे त्या ओळीच्या शेजारीच कॉमेंटमध्ये लिहून ठेवलं आणि सरांना वेगळं सांगितलं.

आणि काकांची वही कोडमध्ये आणली. २०११ च्या मानकात अशी सोय आहे की एखादी अट खोटी असेल तर प्रोग्राम कंपाइलच होत नाही. प्रत्येक नोंदीखाली एक ओळ: हिची लांबी इतकीच असली पाहिजे. वहीतून आकडे वाचत गेले. चिठ्ठी २०. सभासद, गट, उसाची नोंद, एकामागून एक पास. वाहतूकदार ४६, आणि कंपायलर थांबला.

तीच नोंद, जी तीन दिवस गायब होती. पुन्हा तपासलं: क्रमांक चार बाइट, नाव चाळीस अक्षरं, येणं चार बाइट. बेरीज ४८. मी काकांना फोन लावला.

"काका, वाहतूकदार वहीत ४६ आहे, माझ्याकडे ४८ येतंय."

"४६ डॉसचे. क्रमांक तेव्हा दोन बाइटांचा होता. नीट बघ, मी दुरुस्त केलंय."

वही खिडकीपाशी नेली. ४६ वर एक बारीक तिरकी रेघ होती आणि शेजारी पेन्सिलीनं, पुसट झालेले, ४८.

आकडा बदलला. पंचविसच्या पंचवीस ओळी पास झाल्या. गेल्या हंगामाची फाइल उघडली आणि पहिली चिठ्ठी छापली: क्रमांक, वजन, गट, गाडीचा पूर्ण नंबर. मग शेवटची. मग मधल्या पन्नास, आणि त्या कारखान्याच्या शेतकी विभागानं पाठवलेल्या कागदी प्रतींशी बोट ठेवून ताडून पाहिल्या. मोळी पडायला, म्हणजे गाळप सुरू व्हायला, अजून दोन महिने होते. शनिवारी वही परत द्यायला गेले, तेव्हा काकांनी लांबीच्या रकान्याशेजारी आणखी एक रकाना आखला, वर '६४' लिहिलं, आणि पेन माझ्या हातात दिलं.